ज्योत हलू नये म्हणून

लग्नघरात हिरवा चुडा भरण्याचा दिवस ठरला की कासाराला बोलावणे जाते. डोहाळेजेवण असो, मंगळागौर असो की संक्रांतीचे हळदीकुंकू, काचेच्या बांगड्यांवाचून आपल्याकडे बायकांचा सण पुरा होत नाही. देशात विकल्या जाणाऱ्या काचेच्या बांगड्यांपैकी बहुतांश उत्तर प्रदेशातील फिरोजाबादहून येतात. आग्र्यापासून साधारण चाळीस किलोमीटरवरचे हे शहर काचेवरच जगते. मनगटावर चढणारी बांगडी तिथे अनेकांच्या हाताखालून जाते. त्यातले काही हात एखाद्या लहानशा खोलीत, दारे-खिडक्या लावून, उघड्या ज्योतीसमोर काम करत असतात. त्या खोलीत पंखा बंद असतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकला तरी तो बंदच असतो, कारण वारा लागला की ज्योत हलते आणि ज्योत हलली की बांगडीचा सांधा बिघडतो.

रंगीत काचेच्या कामातला आरोग्याचा प्रश्न या बंद पंख्यापाशी येऊन थांबतो. कामाला स्थिर हवा लागते, माणसाला खेळती. दोन्ही एकाच वेळी शक्य नाही असे धरून चालल्यामुळे काम जिंकते आणि माणूस हरतो. वास्तविक हा पेच सुटण्याजोगा आहे. त्यासाठीचे विज्ञान जुने आहे आणि साधने कोणत्याही पत्रेवाल्याला बनवता येतील अशी आहेत. तरीही तो सुटत नाही, कारण त्या खोलीतली हवा कोणी मोजत नाही आणि कारखान्यांचा कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो.

आधी धोका नेमका कुठे आहे ते पाहू. काच म्हणजे मुख्यतः वाळू, सोडा आणि चुनखडी यांचा वितळवून केलेला रस. तिला रंग येतो तो धातूंमुळे. कोबाल्टने गडद निळा, तांब्याने मोरपिशी, क्रोमियमने हिरवा, मँगनीजने जांभळा आणि कॅडमियम-सेलेनियमच्या जोडीने पिवळ्यापासून लालभडकपर्यंतच्या छटा मिळतात. काचेतले बुडबुडे निघून जावेत म्हणून आर्सेनिक किंवा अँटिमनीची संयुगे घालण्याची रीतही जुनी आहे. आता तापमानाचे गणित पाहा. काच वितळवण्याच्या भट्टीत १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता असते. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते, सेलेनियम ६८५ अंशांना आणि आर्सेनिकचे पांढरे ऑक्साइड ४६५ अंशांच्या आतच वाफ होऊन उडते. म्हणजे रंगासाठी घातलेल्या द्रव्याचा काही भाग काचेत मुरण्याआधीच हवेत जातो. ही वाफ थंड होताना तिचे कण बनतात. ते एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, त्यामुळे नाकातल्या केसांना चकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात.

एकदा काच थंड झाली की धातू तिच्या जाळ्यात घट्ट अडकतो. म्हणून काचेतच रंग असलेली बांगडी घालणाऱ्या स्त्रीने घाबरण्याचे काही कारण नाही. बांगडीवर वरून चढवलेल्या रंगात आणि मिन्यात मात्र शिसे असू शकते, म्हणून तान्ह्या मुलांना बांगड्या चोखायला देऊ नयेत एवढी काळजी पुरे. खरा धोका बनवणाऱ्याला आहे, आणि तोही ठरावीक टप्प्यांवर: कोरडी पूड मोजताना व मिसळताना, भट्टीत माल टाकताना, उघड्या ज्योतीवर काच पुन्हा तापवताना, घासताना-कापताना आणि नक्षीचा रंग भाजताना. पुडीतली वाळू स्फटिकरूप सिलिकाची असते आणि ती वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर सिलिकोसिस होतो. हा आजार औषधाने बरा होत नाही.

फिरोजाबादच्या खोलीत बसणारी माणसे यांपैकी ज्योतीच्या टप्प्यावर असतात. कारखान्यात काचेचा तापलेला धागा फिरत्या रुळावर गुंडाळून स्प्रिंगसारखी गुंडाळी करतात. ती कापली की तोंड उघडी असलेली कडी मिळतात. ती कडी गठ्ठ्यांनी घरोघरी जातात. एका घरी त्यांची टोके ज्योतीवर तापवून एका पातळीत आणतात, त्याला सधाई म्हणतात. दुसरीकडे ती टोके जोडतात, ती जुडाई. ज्योत रॉकेलची किंवा गॅसची असते. कामाचा मोबदला नगावर मिळतो. म्हणून हात थांबत नाहीत, आणि मान ज्योतीवर झुकलेली असल्यामुळे नाक आणि ज्योत यांच्यात जेमतेम वीतभर अंतर राहते. बायका आणि घरातली मोठी माणसे हे काम करतात, त्याच खोलीत मुलेही वावरतात.

या ज्योतीतून काय निघते? पहिला कार्बन मोनॉक्साइड. ज्योतीला प्राणवायू कमी पडला की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवते. डोके जड होणे, मळमळ, गरगरणे ही त्याची लक्षणे उकाड्याची किंवा थकव्याची समजून सोडून दिली जातात. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तिथे मारणारा वायू हाच असतो. दुसरे नायट्रोजनचे ऑक्साइड. ज्योत फार तापली की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन ते बनतात, आणि श्वासनलिकेला सूज आणतात. दमा असलेल्याला ते लगेच जाणवते, इतरांना सावकाश. तिसरी काजळी, विशेषतः रॉकेल असेल तर. आणि रंगीत काच ज्योतीत गरजेपेक्षा जास्त तापून उकळू लागली, तर वर सांगितलेले धातूही.

कॅडमियमचे वैशिष्ट्य असे की त्याचा धूर हुंगताना फारसा त्रास होत नाही. माणूस काम संपवून उठतो आणि काही तासांनी त्याला थंडी-ताप, छातीत जडपणा सुरू होतो. साथीचा ताप समजून तो झोपून राहतो. मोठी मात्रा गेली असेल तर फुप्फुसात पाणी भरू शकते. थोडी थोडी मात्रा रोज जात असेल तर कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि शरीरातून ते निम्मे व्हायलाच दहा ते तीस वर्षे लागतात. शिशाची कथाही अशीच. ते हाडांत जाऊन बसते, आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी त्याची कोणतीही पातळी सुरक्षित नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियम, आर्सेनिक आणि षट्‌संयुजी क्रोमियम यांना निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. इतकेच नव्हे, कलात्मक काच, काचेच्या बाटल्या आणि साच्यातली काचेची भांडी बनवण्याचा व्यवसायच तिने १९९३ मध्ये संभाव्य कर्ककारक कामांच्या यादीत घातला.

हे ज्ञान नवे नाही. कामगारांच्या आजारांवर पहिला पद्धतशीर ग्रंथ लिहिणारे इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली काच कामगारांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात त्यांनी नोंदवले की साध्या काचेच्या कारागिरापेक्षा रंगीत काच बनवणारा अधिक भोगतो. ही रंगीत काच गोरगरीब बायकांच्या बांगड्या आणि दागिन्यांसाठीच असे. रंगाची द्रव्ये कुटून तापवताना कारागीर तोंड झाकतात, मान फिरवतात, तरी वाफ श्वासात जातेच, तोंडाला आणि श्वासनलिकेला व्रण पडतात आणि शेवट क्षयासारख्या खंगण्यात होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. तीनशे वर्षांनंतरही तोंडाला फडके बांधणे हाच अनेक ठिकाणी एकमेव उपाय आहे.

तरीही हा गरीब देशांचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील ओरेगन राज्यात पोर्टलंड हे शहर कलात्मक रंगीत काचेसाठी जगभर ओळखले जाते. तिथे अमेरिकी वनसेवेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये झाडांवरचे शेवाळ गोळा केले. शेवाळाला मुळे नसतात, ते हवेतूनच सगळे घेते, त्यामुळे हवेत काय आहे याची नोंद त्याच्या अंगावर राहते. ३४६ नमुने तपासल्यावर कॅडमियमचे ठळक डाग नकाशावर उमटले ते दोन रंगीत काच कारखान्यांभोवती. मग राज्याच्या पर्यावरण खात्याने त्यांतल्या एका कारखान्याजवळ, म्हणजे बुलसाय ग्लासजवळ, ऑक्टोबर २०१५ मध्ये हवा मोजली. राज्याने ठरवलेल्या आरोग्य मानकाच्या ४९ पट कॅडमियम आणि १५९ पट आर्सेनिक आढळले. हा कारखाना भर वस्तीत होता, १९७४ पासून चालू होता आणि तो नियम मोडत होता असेही नव्हते. धातूंच्या उत्सर्जनाचा केंद्रीय नियम अखंड चालणाऱ्या भट्ट्यांना लागू धरला जाई. इथे कुंड्यांत घाणे टाकून काच वितळवत, म्हणून भट्ट्यांना गाळण्या नव्हत्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही माहिती बाहेर आल्यावर कारखान्याने कॅडमियम आणि आर्सेनिकचा वापर थांबवला आणि पुढे भट्टीच्या धुरासाठी कापडी पिशव्यांची गाळणी बसवली. राज्याने २०१८ मध्ये हवेतील विषारी द्रव्यांसाठी नवा कायदा केला. चाळीस वर्षे जे दिसले नाही, वासाला आले नाही, ते मोजल्याबरोबर समोर आले आणि समोर आल्यावर वर्षभराच्या आत उपायाला सुरुवात झाली.

फिरोजाबादमध्येही एकदा मोठा बदल झाला आहे. ताजमहालाच्या संगमरवराला धुरापासून वाचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. ताजभोवतीच्या संरक्षित पट्ट्यातील उद्योगांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायू घ्यावा, नाहीतर स्थलांतर करावे, असा त्याचा आशय होता. फिरोजाबाद याच पट्ट्यात येते. तिथल्या काचेच्या भट्ट्या वायूवर गेल्या आणि शहराच्या आकाशातला कोळशाचा धूर कमी झाला. ताजसाठी हे करावेच लागणार होते. पण त्याच शहरातल्या खोल्यांमध्ये, छपराखाली, माणसाच्या नाकापासून वीतभर अंतरावर जे जळते त्याकडे तेवढ्या निकडीने कोणी पाहिले नाही. धुराड्यातून बाहेर पडणारा धूर शहराला दिसतो. खोलीतला धूर तिथे बसणाऱ्याच्या छातीत जातो.

आता त्या पंख्याच्या पेचाकडे वळू. एक साधा प्रयोग घरी करून पाहता येईल. पेटलेली मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकर मारून विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. जमणार नाही. फुंकलेली हवा एका रेषेत दूरवर जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी येते, म्हणून तिचा जोर तोंडापासून दूर जाताच मावळतो. शोषक नळीच्या तोंडापासून नळीच्या व्यासाइतके दूर गेलो की ओढीचा वेग साधारण एक-दशांशावर येतो. यातून दोन गोष्टी कळतात. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात बसवलेला एक्झॉस्ट फॅन टेबलावरच्या ज्योतीचा धूर पकडू शकत नाही, तो फक्त खोलीतली हवा हळूहळू बदलतो. आणि धूर पकडायचा असेल तर शोषक तोंड ज्योतीच्या अगदी जवळ न्यावे लागते.

जवळ म्हणजे कुठे? स्वयंपाकघरातल्या चिमणीसारखे डोक्यावर नव्हे. जुडाई करणारा ज्योतीवर वाकलेला असतो, त्यामुळे वर जाणारा धूर आधी त्याच्या नाकावरून जाईल आणि मग चिमणीत. शोषक तोंड ज्योतीच्या पलीकडे, कारागिराच्या समोर हवे. तीन बाजू आणि वरून बंद असा पत्र्याचा खोका, त्यात ज्योत, खोक्याच्या मागच्या भिंतीत आडवी फट, फटीला नळी आणि नळीच्या शेवटी, घराबाहेर, ब्लोअर. खोक्याच्या उघड्या तोंडापाशी हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने आत जाईल एवढी ओढ पुरते. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हा वेग कमी आहे. ज्योत विस्कटते ती छतावरच्या पंख्याच्या झोतांनी, कारण ते क्षणाक्षणाला दिशा बदलतात. एकाच दिशेच्या मंद ओढीने ती फार तर किंचित कलते, आणि हाताला त्याची सवय होते. जगभरचे ज्योतीवर काच घडवणारे कलाकार अशाच शोषक खोक्यासमोर बसून याहून नाजूक काम करतात.

एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला वाट हवी. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीतून नळीने सरबत ओढता येत नाही, तसेच दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीतून ब्लोअरला हवा ओढता येत नाही. तो नुसता फिरत राहतो. म्हणून कारागिराच्या पाठीमागे, जमिनीलगत, रुंद जाळीची खिडकी हवी. तोंड जितके रुंद तितकी हवा सावकाश येते आणि ज्योतीला धक्का बसत नाही. अशी हवा पाठीवरून येऊन समोरच्या खोक्यात जाते आणि नाकासमोर सतत ताजी राहते. बाहेर सोडलेला धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जाऊ नये म्हणून नळी छपराच्या वर न्यायची. रॉकेलऐवजी नळाचा गॅस वापरला तर काजळीही टळते.

मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. ओला रुमाल या बारीक कणांना अडवत नाही. नीट बसलेला एन-९५ कण अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड त्यातून सरळ आत जातात. पूड मिसळताना मास्क आवश्यकच आहे, ज्योतीसमोर तो वायुवीजनाची जागा घेऊ शकत नाही. पूड सांडली तर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाच्या जागी खाऊ नये, जेवणाआधी हात साबणाने धुवावेत आणि कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. शिसे घरात शिरते ते बहुधा हातांतून आणि कपड्यांतून.

ही खबरदारी महाराष्ट्रातही लागू आहे. मुंबईत राजाबाई टॉवर किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या इमारतींत रंगीत काचेच्या खिडक्या आहेत. अशा खिडक्यांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात आणि दुरुस्तीत ती जुनी, भुकटी झालेली शिशाची पट्टी हाताळावी लागते. शहरांतून आता हौसेने रंगीत काचेच्या चौकटी, दिवे, मणी बनवणारेही वाढले आहेत. कथील-शिशाच्या डाखाचा धूर डोळ्यांना झोंबतो तो मुख्यतः डाख धरण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा, शिसे त्या तापमानाला फारसे उडत नाही. पण बोटांना लागलेले शिसे चहाच्या कपापर्यंत जाते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा मुलांच्या खोलीत हे काम करू नये. छोटी विजेची भट्टी घेतली असेल तर ती बाहेर हवा जाणाऱ्या जागी ठेवावी, आणि शिसेविरहित डाख मिळते, तेच वापरावे. हौशी माणसाला हे सगळे करणे शक्य आहे, कारण जागा आणि वेळ त्याच्या हातात आहे.

फिरोजाबादच्या जुडाई करणाऱ्याच्या हातात यांतले काही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या चौदाव्या कलमात धूळ-धूर जिथे निर्माण होतो त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ शोषक यंत्रणा हवी, असे लिहिलेले आहे. मेणबत्तीच्या प्रयोगातून निघालेला निष्कर्ष तेव्हाच्या कायदेकारांनाही ठाऊक होता. पण हा कायदा विजेवर चालणाऱ्या जागी दहा आणि विजेविना वीस कामगारांपासून लागू होई. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेत ही मर्यादा वीस आणि चाळीस झाली. लहान जागांना कायदा लागू करण्याचा अधिकार जुन्या अधिनियमाने राज्यांना दिला होता, तोही मालक केवळ कुटुंबीयांच्या मदतीने काम करत असेल ती जागा वगळून. जुडाई तर कुटुंबातच चालते. म्हणजे कामाचा सर्वात घातक तुकडा घरी पाठवला की कायद्याची जबाबदारीही त्याच्याबरोबर संपते.

यावर उपाय आहेत. पहिला, सधाई-जुडाईसाठी वस्तीतच सामायिक गाळे बांधावेत, प्रत्येक बैठकीसमोर शोषक खोका आणि सगळ्यांना मिळून एक ब्लोअर असलेले. घरातून धूर जाईल, बायकांचे काम जाणार नाही आणि मुले ज्योतीपासून दूर राहतील. याचा खर्च बांगडी कारखानदार आणि सरकार यांनी उचलावा, नगावर मजुरी घेणाऱ्याच्या डोक्यावर तो टाकू नये. दुसरा, सामाजिक सुरक्षा संहितेत धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामात एकच कामगार असला तरी राज्य कामगार विमा लागू करण्याची तरतूद आहे. ज्योतीवरच्या काचकामाची तशी अधिसूचना काढावी आणि घरी काम करणाऱ्यांना त्यात आणण्याची वाट शोधावी. तिसरा, रंगाच्या पुड्यांवर आत कोणता धातू आहे ते हिंदीत, ठळक छापावे. चौथा आणि सर्वात स्वस्त उपाय मोजण्याचा आहे. खोलीतला कार्बन मोनॉक्साइड, कामगाराच्या रक्तातले शिसे, लघवीतले कॅडमियम आणि श्वासाची साधी फुंकर-चाचणी. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था अशाच कामांसाठी आहे. आकडे समोर आले की टाळाटाळ अवघड होते, हे पोर्टलंडमध्ये दिसले.

ग्राहक म्हणून आपण बांगडी घेणे थांबवावे असा याचा अर्थ नाही. ते थांबले तर पहिली उपासमार त्याच खोलीत होईल. पण डझनामागे चार पैसे अधिक मोजायची तयारी आपण ठेवू शकतो, आणि हळदीकुंकवाला बांगड्यांची मोठी खरेदी करणाऱ्या महिला मंडळांना आपल्या व्यापाऱ्याला हा माल कुठे आणि कसा जोडला जातो असे विचारता येईल. व्यापारी तो प्रश्न पुढे नेतो, निदान गिऱ्हाईक टिकवण्यासाठी. ज्योत स्थिर ठेवूनही धूर बाहेर काढता येतो, हे तंत्र उपलब्ध आहे. ते त्या खोल्यांपर्यंत पोहोचवणे हे आता सरकारचे, कारखानदारांचे आणि थोडेसे आपलेही काम आहे.